ताप किती वाजता आला?

मराठीत तापाच्या पायऱ्या शब्दांनी मोजलेल्या आहेत. आधी अंगात कसर असते, मग कणकण येते, अंग मोडून येतं, हुडहुडी भरते आणि शेवटी लाह्या फुटतील असा ताप चढतो. इंदूरच्या मराठी घरांनी या शिडीत ‘हरारत’ नावाची एक हिंदी पायरीही बसवून घेतली आहे, कसर आणि कणकण यांच्या अधेमधे कुठेतरी. कपाळाला हात लावून आजीने सांगितलेला ताप बहुतेक वेळा बरोबरच निघायचा. केमोथेरपी चालू असलेल्या घरात मात्र ही शिडी कामाची नाही. तिथे दोनच प्रश्न असतात: ताप किती, आणि किती वाजता आला. पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसरा विचारला की घरची माणसं एकमेकांकडे बघतात. “संध्याकाळपासून कणकण होती, नाही का हो?” आणि रक्ताच्या तपासण्यांचा अर्थ तर या दुसऱ्या प्रश्नावरच टांगलेला असतो.

किती, हे ठरलेलं आहे. तोंडात मोजून एकदाच १०१ फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ भरून तासभर टिकला, तर तो ताप. त्याच्या जोडीला रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला ५०० च्या खाली असल्या, किंवा येत्या दोन दिवसांत तिथे पोचणार असल्या, की त्याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात. बऱ्याच केमोंमध्ये या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी केमोची तारीख लिहिलेली असते. तिथून सात घरं मोजायची आणि पुढचा आठवडा थर्मामीटर उशाशी ठेवायचा.

मोजण्यातच निम्मा घोटाळा होतो. काखेत मोजलेला ताप तोंडातल्यापेक्षा अर्ध्या ते एका अंशाने कमी दिसतो. गरम चहा पिऊन लगेच तोंडात मोजला तर जास्त, थंड पाणी पिऊन मोजला तर कमी. पंधरा मिनिटं थांबावं. कपाळावर रोखायची ती बंदूक तर फार फसवी. माळव्यातली जानेवारीची रात्र, राजेंद्रनगरहून स्कूटरवर मागे बसून आलेला पेशंट, आणि इमर्जन्सीच्या दारात बंदूक दाखवते ९७. कपाळ गार पडलेलं असतं, आतला माणूस तापलेला असतो. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही हेही इथेच सांगावं, कारण तिथली नाजूक त्वचा खरचटली तर जंतूंना आयती वाट मिळते.

याहून मोठी चूक म्हणजे पॅरासिटामॉल. सात वाजता कणकण वाटली, गोळी दिली, नऊला ९८.६. “उतरला बघा.” उतरलं ते फक्त थर्मामीटरवरचं. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर दिलेलं डेक्सामेथासोनही हेच करतं, आणि शिवाय ज्या तपासण्यांबद्दल पुढे लिहायचं आहे त्यातल्या एक-दोघींनाही दाबून टाकतं. म्हणून गोळी दिलीच असेल तर नाव आणि वेळ सांगावी. लपवू नये. कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी सांगावं.

आता मूळ अडचण. जंतुसंसर्गाच्या ज्या खुणा आपण ओळखतो त्यातल्या बऱ्याचशा पांढऱ्या पेशींच्याच कामगिरीच्या असतात. पू म्हणजे मेलेल्या न्यूट्रोफिलांचा चिखल. न्यूट्रोफिलच नाहीत तर पू कुठला? फुप्फुसात न्यूमोनिया असून एक्स-रे साफ असतो. लघवीत जंतू बुजबुजत असून ‘पस सेल्स’च्या रकान्यात काही नसतं. सलाइनच्या सुईची जागा नुसती दुखते, लाल होत नाही. पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी तितका संसर्गाचा धोका मोठा, हे गेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ल्युकेमियाच्या पेशंटांवरून आकड्यांत मांडलं. हा सगळा विषय आजही त्याच पायावर उभा आहे.

जंतू येतात कुठून? घरची माणसं बाहेरच्या हवेला दोष देतात. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सगळ्यांत स्वच्छ शहर ठरत आलंय, पण या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही. बहुतेक जंतू पेशंटच्या स्वतःच्या तोंडातले, आतड्यातले आणि कातडीवरचे असतात. केमोने आतड्याचं अस्तर झिजतं आणि इतकी वर्षं भाडं न चुकवता राहिलेले ई. कोलाय, क्लेब्सिएला रक्तात उतरतात. आपल्याकडे या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यातले बरेच नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

तेव्हा पांढऱ्या पेशींच्या भरवशावर नसलेला साक्षीदार हवा. तो रक्तात शोधायचा.

सगळ्यांत जुना म्हणजे सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात तो सापडला. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला तो चिकटतो, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. तो बनतो यकृतात, आणि त्याचा सगळा उपयोग यातच आहे: पांढऱ्या पेशी शून्यावर असल्या तरी यकृत कामावर हजर असतं. पण यकृताला निरोप पोचून माल बाहेर पडायला वेळ लागतो. संसर्गानंतर सहा-आठ तासांनी सीआरपी हलायला लागतो आणि दीड-दोन दिवसांनी शिखर गाठतो. रात्री नऊला ताप, दहाला रक्त, सीआरपी १२. घरच्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १४०. “काल तर जवळजवळ नॉर्मल होता!” कालचा आकडा खोटा नव्हता, तो ताप येण्याआधीच्या दुपारबद्दल बोलत होता.

सीआरपीचा आणखी एक खोडसाळपणा एककांचा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दहापटीचा फरक. एकीकडचा ८० आणि दुसरीकडचा ८ सारखेच. पहिला रिपोर्ट मोहल्ल्यातल्या कलेक्शन सेंटरचा आणि दुसरा हॉस्पिटलचा असला की ‘ऐंशीवरून आठवर आला’ असा आनंद होऊ शकतो, प्रत्यक्षात काहीही हललेलं नसताना. आकड्याच्या उजवीकडचं बारीक अक्षर आधी वाचावं. आणि लिम्फोमासारख्या आजारात, ऑपरेशननंतर, पायात रक्ताची गाठ झाल्यावर सीआरपी संसर्गाशिवायही चढलेला असतो. अशा पेशंटचा पुढच्या केमोच्या सकाळी, ताप नसताना, एकदा सीआरपी करून ठेवला तर नंतर तुलनेला काहीतरी हातात राहतं. हे फारच थोडे लोक करतात. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

प्रोकॅल्सिटोनिन त्यापेक्षा चपळ. ११६ अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे खरं तर थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन हार्मोनचा कच्चा माल. निरोगी माणसाच्या रक्तात तो जवळजवळ नसतो. पण जीवाणूंचं विष रक्तात आलं की यकृत, चरबी, फुप्फुसं, कुठल्याही ऊती तो सोडू लागतात. जंतुसंसर्गाशी त्याचं हे नातं १९९३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी पुढे आणलं. तीन-चार तासांत दिसायला लागतो, साधारण अर्ध्या ते एका दिवसात शिखर, आणि संसर्ग आटोक्यात आला की दर चोवीस तासांनी अंदाजे निम्मा. एरवी ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही संशयाची रेघ आणि २ च्या वर गेला की गंभीर, असं धरतात. न्यूट्रोपेनियात ही रेघ ताणून बसता येत नाही, ०.३ देखील सोडून द्यायचा आकडा नव्हे, विशेषतः रक्त ताप आल्याआल्या काढलेलं असेल तर.

तो फसतो कुठे? कातडीवरच्या स्टॅफिलोकोकसने, म्हणजे बहुधा सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) आलेल्या संसर्गात, तो फारसा चढत नाही. बुरशीच्या संसर्गातही मागे राहतो. उलट किडनी बिघडली असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, तर कारणाशिवाय वर. आणि मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर किंवा फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर असेल तर गाठच प्रोकॅल्सिटोनिन बनवत असू शकते. अशा पेशंटच्या रिपोर्टावरचा ६ हा आकडा बघून धावपळ झाली तर ती आजाराची नोंद न वाचल्यामुळे.

इंटरल्युकिन-६ (आयएल-६) हे नाव कोविडने घरोघरी पोचवलं. यकृताला सीआरपी बनवायचा हुकूम हाच देतो, म्हणून सगळ्यांच्या आधी चढतो आणि सगळ्यांच्या आधी उतरतो. ताप आल्याच्या पहिल्या एक-दोन तासांतल्या रक्तात काही दिसायचं तर यात. पण हा नाजूक जिन्नस. नमुना गरम गाडीत तासन्‌तास फिरला की आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. सीरम लवकर वेगळं करून थंड ठेवावं लागतं. रात्री अकराला रिपोर्ट देणारी लॅब नसेल तर ही तपासणी मागण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हाती आलेला आयएल-६ म्हणजे काल निघून गेलेल्या गाडीची वेळ. लहान मुलांमध्ये आयएल-८ वरही बरंच काम झालंय. रोजच्या वापरात मात्र तो आलेला नाही. प्रेसेप्सिनचं नावही हल्ली ऐकू येतं, पण ते जंतू गिळणाऱ्या पेशींवर अवलंबून असतं, म्हणजे जिथे पेशीच नाहीत तिथे साक्षीदार आधीच अर्धा गप्प. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराबद्दल तर न बोललेलंच बरं. ज्याचा अंशच केमोने पुसून टाकला तो अपूर्णांक काय सांगणार?

लॅक्टेट वेगळं आहे. ते जंतूंबद्दल काही सांगत नाही, शरीर त्यांच्यापुढे किती दमलंय ते सांगतं. लिटरला २ मिलिमोलच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, ४ ला पोचलं की बीपी ठीक दिसत असलं तरी आयसीयूला फोन लावायचा. पण ही तपासणी हातात बिघडते. दंडाला पट्टा बांधून, “काका, मूठ उघडा-मिटा” करत, दहा मिनिटं नस शोधून काढलेल्या रक्तातलं लॅक्टेट त्या मुठीचंही असू शकतं. पट्टा शक्यतो बांधू नये; बांधलाच तर सुई शिरल्याबरोबर सोडावा. राखाडी झाकणाची, फ्लुओराइड असलेली नळी वापरावी, ती बर्फात ठेवून लगेच पाठवावी. साध्या नळीत अर्धा तास पडलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि नळीतच लॅक्टेट तयार करतात.

नळ्यांचा विषय निघालाच आहे तर क्रमही सांगून टाकावा. आधी ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या बाटल्या, मग पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या नळीतलं रसायन पिवळीत गेलं की पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. कल्चरचे दोन संच. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. घाईघाईत ३-४ मिलिलिटर घालून पाठवलेली बाटली हे कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत कमी कबूल केलं जाणारं कारण. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उडवल्यावर आतलं रबर निर्जंतुक असतंच असं नाही, तेही स्पिरिटने पुसावं. कातडीवर क्लोरहेक्सिडिन लावून ते वाळेपर्यंत अर्धा मिनिट थांबावं, फुंकर मारू नये. केमोसाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट असेल तर एक संच पोर्टमधून, एक हातातून, एकाच वेळी आणि सारख्याच मापाने. पोर्टची बाटली हातातल्यापेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर संसर्ग बहुधा पोर्टमध्येच आहे. इथेही घड्याळच.

इतकं सगळं करून रक्तात जंतू सापडतो तो साधारण दहा ते पंचवीस टक्के पेशंटांत. म्हणून तर या मार्करांकडे, म्हणजे रक्तातल्या साक्षीदारांकडे, डोळे लागतात.

पण सगळ्यांत स्वस्त मार्कर सीबीसीच्या कागदावर आधीच छापलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलांचा प्रत्यक्ष आकडा, प्रत्येक रिपोर्टावर वेगळा देतातच असं नाही, काढावा लागतो. एकूण पांढऱ्या पेशी १२००, न्यूट्रोफिल १८ टक्के, म्हणजे २१६. एकूण पेशी हजाराच्या खाली गेल्या की मशीनने दिलेली टक्केवारी डळमळीत होते, काच बनवून डोळ्यांनी मोजायला सांगावं. त्याच कागदावर मोनोसाइट, पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, असतात. ते २०० च्या खाली असणं हे वाईट लक्षण, आणि ते वर येऊ लागणं हे चांगलं, कारण अस्थिमज्जा सावरते तेव्हा मोनोसाइट सहसा न्यूट्रोफिलांच्या आधी डोकं वर काढतात. तिसरा मार्कर बोटाला सुई टोचून मिळतो. डायबिटीस नसलेल्या माणसाची साखर १२१ किंवा जास्त, असलेल्याची किंवा स्टेरॉइडवर असलेल्याची २५० किंवा जास्त, हा शरीरावर ताण आल्याचा पुरावा.

मोनोसाइट आणि साखर हे दोन्ही स्पेनमधून आलेल्या सिस्ने नावाच्या, धोका मोजायच्या मोजपट्टीत आहेत. गाठीचा कॅन्सर असलेला आणि वरवर ठीक दिसणारा पेशंट असेल तरच ती वापरायची. अंथरुणाला खिळत चाललेला असेल तर २, साखरेचे २, सीओपीडी हा जुना फुप्फुसाचा आजार असेल तर १, हृदयाचा १, तोंड चांगलंच आलेलं असेल तर १, मोनोसाइट कमी असतील तर १. शून्य म्हणजे कमी धोका, तीन किंवा जास्त म्हणजे मोठा. त्याआधीची, २००० सालची मॅस्क मोजपट्टी उलटी चालते: २६ पैकी २१ किंवा जास्त मिळाले तर धोका कमी. बीपी पडलेलं नाही याचे ५, शरीर कोरडं पडलेलं नाही याचे ३, वय साठच्या आत याचे २, असं करत. पण त्यात ‘आजाराने किती हैराण आहे’ याचे ५ गुण असतात, आणि आपल्याकडची माणसं विचारल्यावर काय म्हणतात ते ठाऊक आहे. “बरंय. थोडी कणकण आहे फक्त.” पाच गुण पदरात पडतात. मोजपट्टीला सोशिकपणाचं कलम नाही. नाडी ११८ असताना ‘बरंय’ म्हणणाऱ्याला ५ देऊ नयेत, हे आमचं मत.

मार्कर ‘भाकीत’ करतो म्हणजे काय करतो, हे उदाहरणानेच बघावं. समजा असे शंभर पेशंट आले, त्यातले पंधरा पुढे बिघडणार आहेत. तपासणी बिघडणाऱ्यांपैकी ऐंशी टक्के पकडते आणि न बिघडणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांना सोडते, असं धरू. म्हणजे पंधरातले बारा सापडले, तीन निसटले. पंचाऐंशीतल्या सतरांना उगाच पॉझिटिव्ह म्हटलं गेलं. पॉझिटिव्ह एकोणतीस, त्यात खरे बारा; म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ ऐकून हातपाय गळावेत असं निम्म्याहून जास्त वेळा काही नसतं. निगेटिव्ह एकाहत्तर, त्यात तिघे बिघडणारे. कागदावर चार टक्के. पण ते तिघे त्या रात्री घरी गेलेले असतात.

म्हणून कुठलाही मार्कर कमी आला म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस अडवायचा नसतो. दारात पाय ठेवल्यापासून साठ मिनिटांच्या आत तो शिरेत गेला पाहिजे: पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा सेफेपिम २ ग्रॅम, किंवा त्या वॉर्डातल्या जंतूंच्या सवयीप्रमाणे जे ठरलं असेल ते. रिपोर्ट नंतर येऊ देत. इंग्लंडच्या नाइस संस्थेची २०१२ सालची मार्गदर्शिका पहिल्याच रक्तात सीबीसी, किडनी, लिव्हर, सीआरपी, लॅक्टेट आणि कल्चर पाठवायला सांगते. अँटिबायोटिक त्यांच्यासाठी थांबवायला सांगत नाही. मार्करचा खरा उपयोग पुढच्या प्रश्नाला: हा माणूस आज रात्री कुठे झोपणार?

आणि त्या प्रश्नात रस्ता येतो. कमी धोक्याच्या पेशंटला पहिला डोस देऊन, किमान चार तास डोळ्यांसमोर ठेवून, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्यांवर घरी सोडता येतं. पण अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत त्याला अट आहे: घर हॉस्पिटलपासून तासाभराच्या किंवा ४८ किलोमीटरच्या आत हवं, आणि चोवीस तास कोणीतरी जवळ हवं. सुदामानगर बसतं. देवास बसतं. उज्जैन काठावर. खंडव्याचा पेशंट, मॅस्क २४ असला, प्रोकॅल्सिटोनिन ०.१ असला, तरी नाही. भेरूघाटात ट्रक आडवा झाला तर रात्री दोनला कोणता मार्कर कामाला येणार? त्याने इंदुरात मावशीकडे दोन रात्री राहावं. मावशी नसेल तर भरती व्हावं.

राहिला तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा हिशेब. एकटा आकडा मुका असतो, दोन आकडे बोलू लागतात, मात्र त्यांच्यामधले तास माहीत हवेत. पहिलं रक्त तापाच्या दुसऱ्या तासाला आणि दुसरं तिसाव्या तासाला असेल तर सीआरपी वाढलेलाच दिसणार, औषध लागू पडत असलं तरीही. त्यावरून अँटिबायोटिक बदलू नये. प्रोकॅल्सिटोनिन मात्र अठ्ठेचाळीस तासांनीही चढतच असेल, तर औषध चुकतंय किंवा पू साचलाय किंवा लाइन काढायला झालीय. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ताप हटत नसेल, पेशी वर येत नसतील, सीआरपी उंच आणि प्रोकॅल्सिटोनिन खाली असेल, तर बुरशीचा विचार करून छातीचा सीटी आणि गॅलॅक्टोमॅनन ही बुरशीचा अंश शोधणारी रक्ततपासणी. पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलेलं असेल तर त्याचाही ताप आणि हाडदुखी धरावी लागते. तेही किती वाजता दिलं ते लिहिलेलं असेल तरच कळतं.

लिहायला वेगळी वही नको. कॅलेंडरच्या त्याच चौकोनात, दुधाच्या खाड्याच्या खाली, पेन्सिलीने: रात्री ९.१०, १००.८, काखेत. ६५० ची गोळी ७ वाजता. ९.४० ला निघालो.